गोष्ट मध्येच कोरडी पडते तेव्हा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांची एक तक्रार वरचेवर कानावर येते, आणि शब्दही दरवेळी जवळपास तेच असतात: "सुरुवात जोरात झाली, वीस-पंचवीस पानं झाली आणि सुचेनासं झालं." जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अशी अडकलेली हस्तलिखितं वाचताना बिघाड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतो. लेखकाची कल्पनाशक्ती ठणठणीत असते. गोष्टीतले वास, आवाज, स्पर्श आणि चव मात्र कधीतरी बंद पडलेले असतात आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मग पात्रांच्या हातांना काम उरत नाही. पात्रं थांबली की लेखकही थांबतो.

लक्षणं

- प्रत्येक प्रसंग वेळेनं सुरू होतो: "संध्याकाळ झाली होती", "सकाळचे दहा वाजले होते". वेळ कळते, ऊन कुठून येतंय ते कळत नाही.
- सलग दीड-दोन पानं नुसते संवाद. दोघं कुठे बसलीत, हातात काय आहे, पत्ता नाही. तोच प्रसंग चाळीसगावातून उचलून चिपळुणात ठेवला तरी एक शब्द बदलावा लागत नाही.
- अस्वस्थ, उदास, सुन्न, हताश. या चार शब्दांवर सगळा भार.
- मे महिन्यात कुणाला घाम येत नाही, जुलैत कुणाची चप्पल चिखलात रुतत नाही.
- कुणी जेवत नाही. जेवलंच तर "जेवण आटोपून" पुढे.
- लिहायला बसल्यावर पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जातो आणि आपलंच आधीचं पान वाचायचा कंटाळा येतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःचं पान वाचवत नसेल, तर त्या पानात पुन्हा जाऊन बसावं असं काही राहिलेलं नाही. वरची तीन-चार लक्षणं जुळत असतील तर खालच्या तपासण्या त्याच क्रमानं करा. आधी फुकटच्या, मग वेळ खाणाऱ्या, मग खर्चाच्या.

आधी शरीर आणि घड्याळ

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता काही सुचलं नाही, तर तो लेखनाचा दोष नव्हे. वेळ बदला. पहाटे पाच ते साडेसात, गच्चीवर किंवा ओसरीत. कूलरपुढे बसून लिहीत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. मेच्या कोरड्या हवेत तो चालतो. जूनच्या शेवटी हवा दमट झाली की अंग चिकट होतं आणि नुसती घरघर उरते. त्या घरघरीत गल्लीतले बाकी सगळे आवाज बुडतात, आणि ते तर तुम्हाला हवे आहेत.

झोप, पाणी, जेवण आणि वेळ आठवडाभर सुधारून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. थकलेल्या माणसावर खालची एकही तपासणी खरं उत्तर देत नाही.

चार पानं आणि एक पेन्सिल

जिथे अडलात त्याच्या आधीची चार पानं छापून घ्या किंवा वहीतलीच उघडा. समासात खुणा करा: पाहण्याच्या तपशिलाला "डो", ऐकण्याच्या तपशिलाला "का", वासाला "ना", चवीला "जी", स्पर्श, ऊन, थंडी, दुखणं, वजन यांना "त्व". अर्ध्या तासाचं काम आहे. पाचातल्या चार खुणा "डो" निघाल्या तर बिघाड सापडला.

कारण असं की डोळा लांबून काम करतो. रस्त्याच्या पलीकडून बाई दिसते, तिच्या लुगड्याला चिकटलेला धुराचा वास मात्र जवळ गेल्याशिवाय येत नाही. सगळा मजकूर डोळ्यांवर चालला की पात्रं एकमेकांपासून हातभर लांब राहतात, आणि लांब राहिलेल्या माणसांत फार काही घडत नाही.

दुरुस्ती करताना एक चूक हमखास होते: प्रत्येक परिच्छेदात पाचही इंद्रियं कोंबली जातात. तसं केलं की वाचणाऱ्याच्या हाती यादी पडते. एका प्रसंगाला डोळ्याबाहेरचा एकच तपशील पुरतो, आणि त्याची जागा ठरलेली असते. पात्र जिथे काहीतरी ठरवतं किंवा लपवतं, तिथे तो ठेवायचा. सुरुवातीच्या वर्णनात घातलेला वास दुसऱ्या पानापर्यंत विसरला जातो.

पात्रांच्या हातांना काम आहे का?

सगळ्यांत जास्त अडलेल्या गोष्टी या एका तपासणीनं सुटतात, म्हणून इथे सावकाश जा.

समजा दोन जावांचं भांडण लिहायचंय. कोऱ्या खोलीत समोरासमोर उभं करून त्यांना बोलायला लावलं की आठव्या वाक्याला संवाद संपतात. त्याऐवजी दोघींना भरीत करायला बसवा. आधी वेगळ्या कागदावर फक्त काम लिहून काढा, संवाद नाही:

हिरवट-पांढरी मोठी वांगी, प्रत्येकाला सुरीनं दोन-तीन टोचे. टोचे राहिले तर वांगं जाळावर फुटतं. खाली पऱ्हाटीचा जाळ. कपाशीच्या या काड्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून एकीला सतत काड्या सारत बसावं लागतं. साल काळी पडून तडकते, आतून वाफेची सुसू ऐकू येते. गरम असतानाच साल काढायची, बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवत. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायचा, त्यात वांगं घालून पुन्हा ठेचायचं. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. धूर केसांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी न्हाईपर्यंत जात नाही.

आता भांडण या पायऱ्यांच्या मध्ये घाला आणि बघा, कामच प्रसंग चालवायला लागतं. जाळ सारणारी उठून जाऊ शकत नाही, तिला ऐकूनच घ्यावं लागतं. साल काढणारीचे डोळे धुरानं पाणावलेत की शब्दानं, ते दुसरीला कळत नाही. सासरे बाहेर ओसरीवर बसलेत, त्यांना बोलणं ऐकू येत नाही, बडगीचा ठकठक आवाज येतो. भांडणाचा सगळ्यात तापलेला क्षण म्हणजे तो आवाज थांबतो तो. "ती संतापली" असं कुठेही लिहावं लागत नाही.

कुठलंही काम घ्या, पण ते तुम्हाला आठ-दहा पायऱ्यांत लिहिता आलं पाहिजे. पायऱ्या आठवत नसतील तर ते काम करणाऱ्या माणसाजवळ तासभर बसा. केळीची कापणी घेतलीत तर चीक विसरू नका. घड कापला की दांड्यातून गळणारा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की कपड्यावर तपकिरी-काळा डाग पडतो आणि तो धुतल्यानं जात नाही. म्हणून कापणीची माणसं जुनेच कपडे घालून बागेत जातात. लग्नाच्या पंगतीत एखाद्याच्या बऱ्या शर्टावर तो डाग दिसला, तर तो आज कुठून उठून आला हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. कपाशीच्या वेचणीत वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला ओरखडतात. त्या बोटांना संध्याकाळी मिरचीचा ठेचा कसा लागत असेल, याचा विचार करा.

जमिनीचंही तसंच. काळी माती पावसात फुगते आणि चिकटते, उन्हात आकसून तिला भेगा पडतात. जुलैत काळ्या शेतातून कुणी "धावत सुटला" असं लिहिलं असेल तर थांबा. तिथे चप्पल रुतते, हातात घ्यावी लागते, पावलागणिक पायाला माती चढत जाते. तुमचा नायक वेळेवर पोचणार नाही. गोष्ट अडली होती ना? हा घ्या पुढचा प्रसंग, तो मातीनं दिला.

महिना कोणता?

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलनं महिना लिहा. लिहिता येत नसेल तर बिघाड इथे आहे.

मृगबागेची केळी जून-जुलैत लागते, कांदेबागेची पावसाळा सरता सरता. वेचणी ऑक्टोबरपासून पुढे. दादर ज्वारी रब्बीची, थंडीत पोसणारी. आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. कानबाईचा सण श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तेव्हा घरात रोटांची गडबड असते. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या यात्रेत, तापीकाठच्या थंडीत. नायिका आखाजीला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात शेतात कापूस वेचायला गेली, तर इकडचा वाचक पुस्तक मिटतो. लेखकालाही तिथेच अडखळायला होतं, मात्र आपण का अडलो ते त्याला कळत नाही.

पावसाच्या प्रसंगासाठी एक विनंती. पहिल्या पावसाला मृद्गंध लिहू नका. तो वास खरा आहे. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य पावसाबरोबर हवेत उडतं आणि माणसाच्या नाकाला ते अगदी थोडं असलं तरी कळतं. पण इतक्या वेळा लिहिलं गेलंय की वाचणारा त्यावरून सरळ पुढे जातो. त्याच रात्रीचं दुसरं काही घ्या: वीज जाते, चिमणीभोवती पंख फुटलेल्या वाळव्या गोळा होतात, भिजलेल्या पऱ्हाट्या पेट घेत नाहीत, धाब्याच्या घरात नेमक्या पिठाच्या डब्यावर गळायला लागतं आणि म्हातारी अंधारात परात शोधते.

वासाची डबी

खर्च शून्य ते वीस रुपये. घट्ट झाकणाची छोटी स्टीलची डबी घ्या आणि गोष्टीतल्या जागेची एकच वस्तू तिच्यात ठेवा: सरकी, दादरचं पीठ, वाळलेलं शेण, धने, विडीची तंबाखू, वाळ्याच्या मुळ्या. एका गोष्टीला एकच डबी. लिहायला बसताना उघडायची, दोन-तीन श्वास घ्यायचे, झाकण लावायचं, लगेच लिहायला लागायचं.

झाकण लावणं महत्त्वाचं आहे. सतत येणारा वास नाक काही मिनिटांतच दुर्लक्षित करायला लागतं. दिवसभर उदबत्ती लावून बसणाऱ्यांना पंधरा मिनिटांनी तिचा काही उपयोग होत नाही, धूर तेवढा छातीत जातो. वासाचा मार्ग मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या फार जवळून जातो, म्हणून दोन श्वासांतही काम होतं. डबीतली वस्तू दोन-तीन आठवड्यांनी बदला. सादळलेल्या पिठाला नुसता कुबट वास येतो.

फवारणीच्या औषधाचा वास खानदेशातल्या कुठल्याही शेतकरी गोष्टीत येणार. त्यासाठी औषधाची बाटली किंवा रिकामा डबासुद्धा हुंगू नका. ते विष आहे. रॉकेल, पेट्रोल, ॲसिड यांचंही तेच. फवारणी करणाऱ्याला विचारून लिहा: तोंडाला कोणतं फडकं बांधतो, घरी आल्यावर आधी काय करतो, त्या रात्री जेवण जातं का.

कानासाठी

मोबाइलवर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा आणि लिहायच्या आधी एकदा ऐका. पहाटेचा एसटी स्टँड, बाजाराच्या दिवशीची मंडई, जिनिंगचा आवार, भुसावळचा फलाट. भुसावळला मुंबईकडून येणारी लाइन फुटते, एक नागपूरकडे आणि एक खंडवा-इटारसीकडे, म्हणून तिथे रात्रभर घोषणा आणि मालगाड्यांचे धक्के चालू असतात. अशा गावात वाढलेल्या पात्राला शांत खेड्यात पहिल्या रात्री झोप लागणार नाही. असं काही ऐकण्यातूनच सापडतं, टेबलाशी बसून सापडत नाही.

लिहिताना शब्द असलेली गाणी लावू नका. गाण्यातले मराठी शब्द आणि तुमचे मराठी शब्द एकाच जागेसाठी भांडतात. वाद्यसंगीत चालेल. लोकांचं खाजगी बोलणं त्यांना न सांगता मुद्रित करू नका. कानानं ऐका आणि घरी येऊन लिहा.

बसायची जागा

एका गोष्टीला एक जागा ठेवा, आणि तिथे वीजबिल, मुलांचा अभ्यास, मोबाइल यातलं काही आणू नका. याच्या समर्थनाला १९७५चा, पाण्यात बुड्या मारणाऱ्या माणसांवरचा एक प्रयोग नेहमी सांगतात: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. तो अलीकडे पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही, म्हणून जागेवर फार भिस्त ठेवू नका. तरी सवयीपुरता उपयोग होतो आणि पैसा लागत नाही.

बाहेर एक तास, वही घेऊन

वरचं सगळं करून दहा-बारा दिवसांत पान हललं नाही, तर घराबाहेर पडा. एक तास, पायी, एकच ठिकाण. वहीत दहा नोंदी, आणि एक अट: विशेषण वापरायचं नाही. "सुंदर बाग", "भयाण शांतता" बाद. कुणी काय केलं आणि कशाला काय झालं, एवढंच. केळीच्या बागेत भर उन्हात शिरलात तर पहिल्या दहा पावलांत अंगाला फरक कळतो. आत सावली असते, ठिबकनं जमीन ओली असते, खालची वाळलेली पानं वाऱ्यानं खोडावर घासतात आणि मागून कुणी आल्यासारखं वाटतं. दुपारी बागेतून एकट्या जाणाऱ्या पोरीला तो आवाज कसा लागेल? तिथून लिहायला सुरुवात करा.

मोबाइलनं फोटो काढू नका. फोटो काढला की बाकी चार इंद्रियं सुट्टीवर जातात, आणि घरी येऊन तुम्ही पुन्हा डोळ्यांचंच लिहिता.

बोली जागेवर आहे का?

ही तपासणी अवघड, कारण कान तयार व्हायला वेळ लागतो. यावल-रावेर-भुसावळकडची लेवा बोली वेगळी, धुळे-अमळनेर-पारोळ्याकडची अहिराणी वेगळी, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे गुजरातीची सरमिसळ. "काय करी ऱ्हायना" हे अहिराणी वाक्य फैजपूरच्या लेवा घरातल्या आजीच्या तोंडी घातलं तर प्रसंग तिथल्या तिथे खोटा पडतो. तुम्हाला ज्या गावची बोली येते तिथेच गोष्ट ठेवा. दुसऱ्या गावची हवी असेल तर त्या गावच्या माणसाकडून संवाद मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. वास, चव, दुखणं, ऊन यांचे बोलीतले शब्द त्याच्याकडून मुद्दाम मागून घ्या, प्रमाण मराठीपेक्षा ते नेमके निघतात.

मुक्काम

शेवटची आणि खर्चाची तपासणी. गोष्ट जिथे घडते तिथे, गोष्टीतल्याच हंगामात, पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत एक पूर्ण दिवस काढा. पाहुणा म्हणून गेलात तर पाहुण्याचंच जेवण आणि पाहुण्याचंच बोलणं मिळतं, म्हणून एखादं काम मागून घ्या: पाणी भरणं, शेंगा फोडणं, काहीही. त्या दिवशी लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, वही न बघता, जे आठवेल ते लिहा. वही न बघता आठवलं तेच गोष्टीत जाईल, बाकीचं तुमच्या माहितीसाठी राहू द्या.

इथे थांबा

एवढं करूनही गोष्ट हलत नसेल तर आणखी वास-आवाज भरू नका. अडलेल्या प्रसंगातले इंद्रियांचे सगळे तपशील खोडा आणि उरलेलं वाचा. कुणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर बिघाड कथानकात आहे, आणि भरिताचा धूर तो झाकू शकतो, दुरुस्त करू शकत नाही.

काही वेळा अडचण लिखाणाचीच नसते. वास अचानक येईनासा झाला, जेवण बेचव लागतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, किंवा काही जळत नसताना जळका वास येतो, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डबीच्या उपायांनी दिवस घालवू नका. दमा असेल तर धूप, उदबत्ती, पऱ्हाटीचा धूर हे प्रयोग पूर्ण वर्ज्य. आणि फक्त लिहिण्यातच नव्हे, कशातच मन लागत नाही, झोप उडालीय, दोन आठवडे असंच चाललंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा, गोष्ट थांबू शकते.

तब्येत ठीक आहे आणि एकाच जागी तिसऱ्यांदा पुनर्लेखन होतंय, तर हस्तलिखित संपादकाकडे द्या, ओळखीतल्या कौतुक करणाऱ्या माणसाकडे नको. कामाचे पैसे आधी ठरवा. सोबत एक पानाची चिठ्ठी जोडा: गोष्ट कोणत्या पानावर अडली, वरच्यापैकी काय काय करून पाहिलं, आणि समासातल्या खुणांची बेरीज किती आली. कथेचा सारांश देऊ नका, तो त्यांना पानांतून कळू द्या.